मोटार रोज जात होती

मुलांनो,

थोरल्याचे पत्र आले. तिकडे त्याला कामात एक विषय दिला आहे. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना माणसे बस का पकडतात, आणि बस दारावरून जात असली तरी का पकडत नाहीत. भाडे, लागणारा वेळ, थांबा घरापासून किती लांब, बसायला जागा बरी आहे की नाही, अशी कारणे त्याने लिहून काढली आहेत आणि शेवटी गमतीने विचारले आहे, "आजी, तुमच्या वेळी काय होतं गं?"

गमतीचे उत्तर मला सुचेना. पत्र पुन्हा वाचले आणि कपाटात ठेवून दिले. मग लक्षात आले की हे तुम्हांला मी कधी सांगितलेलेच नाही. तुमच्या आईवडिलांना अर्धवट माहीत आहे. सगळे डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले, आणि त्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. त्याआधी स्वतःच्या हाताने लिहून टाकावे म्हणून आज बसले आहे. क्रमाने सांगते. मला तसेच जमते.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. आम्ही धारला राहत होतो. माझे वडील संस्थानच्या महसूल खात्यात कामदार, म्हणजे अंमलदार, होते. घरात वडील, आई, मी आणि वडिलांची आई, म्हणजे तुमची खापरपणजी. मला एकच थोरली बहीण. तिला मी ताई म्हणत असे. तिला देवासला दिली होती. देवासला तेव्हा दोन पात्यांचे राज्य होते. एकाच रस्त्याची ही बाजू एका राजाची, ती बाजू दुसऱ्याची. ताईचे सासर धाकट्या पातीत. तिचे सासरेही आमच्यासारखेच दरबारचे नोकर; यजमान नोकरीनिमित्त दूर परगावी असत. दोन्ही घरे दक्षिणेकडून आलेली, दोन्ही घरांत त्याचा अभिमान, आणि दोन्ही घरांत काय करावे यापेक्षा काय करू नये याची माहिती जास्त.

धार ते देवास म्हणजे आधी धारहून इंदूर आणि मग इंदूरहून देवास. मधे घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडायची, बेटम्यावरून इंदूर गाठायचे, पुढे क्षिप्रा. धारला आगगाडी नव्हती, आजही नाही. आमच्या घरची बाई कुठे जायची तर दरबारच्या गाडीखान्यातून दमणी मागवायची. दमणी म्हणजे दोन बैलांची, वरून छत आणि चारी बाजूंनी पडदे असलेली हलकी गाडी. सोबत एक शिपाई, एक घरातला पुरुष. वाटेत बेटम्याला मुक्काम, इंदूरला नातलगांकडे मुक्काम, तिसऱ्या दिवशी देवास.

आणि मग मोटार आली. एका व्यापाऱ्याने घेतलेली लॉरी होती ती, बाजूंना फळ्या, आत लाकडी बाक, वर ताडपत्री. किल्ल्याखालच्या चौकात लिंबाच्या झाडाखाली ती सकाळी उभी राहायची आणि भरो न भरो, ठरल्या वेळी निघायची. दुपारच्या आत इंदूर. तिथून देवासला दुसरी लॉरी मिळायची. कापसाचे दलाल, वकील, बोहरी दुकानदार, राजगढकडून येणारे जैन यात्रेकरू, तारखेला चाललेले शेतकरी, सगळे तिच्यात बसू लागले. माझे वडीलही सरकारी कामाला जाताना बसत. ड्रायव्हरशेजारची जागा अंमलदारांसाठी राखलेली असे. परत आले की हातपाय धुऊन आम्हांला सांगत, "काय वेग! झाडं मागं पळतात." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची.

आमच्या घरच्या बायका मोटारीत बसत नव्हत्या. कुणी तसा नियम केला नव्हता. एकदा आजीकडे शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांनी सहज म्हटले, "आता काय, बसलं की संध्याकाळी लेकीकडे." आजी हसली आणि म्हणाली, "हो, आणि चौकात उभं राहून हात करायचा, ओ भिया, थांबा म्हणून!" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एवढा विनोदच पुरेसा होता. त्यानंतर तो विषय कुणी गंभीरपणे काढणे शक्य नव्हते.

ताईचे पहिले बाळंतपण आमच्याकडे झाले. तो मुलगा राहिला नाही. दुसरे म्हणून ते सासरी करायचे ठरले.

एका सोमवारी तार आली. तारेची भाषा इंग्रजी. वडिलांनी ती एकदा मनात वाचली आणि मग मराठीत सांगितली. मुलगी झाली होती. बाळंतिणीला ताप होता. ती आईची आठवण काढत होती.

त्या काळी बाळंतिणीचा ताप म्हणजे काय, हे मलाही ठाऊक होते. आमच्या गल्लीत एका वर्षात दोघी गेल्या होत्या. आईने हातातली परात खाली ठेवली आणि पदराने हात पुसले. ती आजीकडे पाहत राहिली, कारण विचारायचे ते आजीलाच.

वडील म्हणाले, "उद्या सकाळच्या मोटारीनं गेली तर संध्याकाळी देवासात असेल."

"आणि बसेल कुणाशेजारी?" आजीने विचारले.

"पुढची जागा राखून घेतो."

"पुढची म्हणजे त्या हाकणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून?"

"मग मागं."

"मागं सगळं गाव. अरे, तू कामदार आहेस. तुझी बायको चौकात मोटारीत चढताना लोक बघतील, आणि देवासला व्याह्यांच्या दारात ती कशी उतरणार? लॉरीतनं? धारच्यांकडे एक दमणी नाही, असं म्हणतील. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

वडिलांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "मी बसेन."

"तू गप्प बस," आजी म्हणाली, पण रागाने नाही. ती रडत होती. आजीचा ताईवर फार जीव होता, हे तुम्ही विसरू नका. तिच्या मनात ताईला वाचवायचेच होते. फक्त वाचवायला निघण्याचीही एक पद्धत असते, असे तिला वाटत होते, आणि ती मोडली तर त्याचे वाईट ताईलाच भोगावे लागेल अशी तिला मनापासून भीती होती.

तो सोमवार होता. सोमवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेने निघायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त चांगला होता, पण गाडीखान्यातून निरोप आला की दरबारात पाहुणे आहेत, सगळ्या दमण्या त्यांच्या दिमतीला गेल्या आहेत, उद्या बघू. मग आजीने आमच्याकडची जुनी रीत केली. प्रस्थान ठेवले.

प्रस्थान तुम्हांला माहीत नसणार. मुहूर्त आहे पण प्रत्यक्ष निघता येत नाही, अशा वेळी त्या मुहूर्तावर प्रवासाचे सामान ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायचे. तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचे एक वस्त्र. ते तिथे पोचले की प्रवास सुरू झाला असे धरतात. मग प्रत्यक्ष निघायला दोन दिवस उशीर झाला तरी मुहूर्त वाया जात नाही. आमच्या घरात त्याला आणखी एक जोड होती. ज्याचे प्रस्थान ठेवले त्याने पुन्हा आपल्या घरात जेवायचे नाही की झोपायचे नाही. तो निघालेला.

पूर्वेला, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, उपाध्यांचे घर होते. त्यांच्या ओसरीवर आईचे गाठोडे ठेवले आणि आईही तिथे जाऊन राहिली. वडिलांनी देवासला तार केली, की प्रस्थान ठेवले आहे, लवकरच येत आहोत. तार करताना त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला होता. काहीतरी केल्यासारखे सगळ्यांनाच वाटले. आजी दुपारी प्रथमच दोन घास जेवली.

आई उपाध्यांच्या ओसरीवर बसली होती. ती ओसरी इंदूरच्या रस्त्यावर होती. बुधवारी सकाळी मी तिला भाकरी घेऊन गेले तेव्हा मोटार समोरून गेली. आत निम्मे बाक रिकामे होते. धूळ ओसरीवर आली, उपाध्यांच्या सूनबाईंनी नाकाला पदर लावला. आईने लावला नाही. धूळ बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली.

"गाडीखान्यातून काही कळलं?" तिने मला विचारले.

"दादा गेलेत," मी सांगितले. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. "म्हणाले, आज नक्की मिळेल."

त्या दिवशी मिळाली नाही. पाहुणे मांडवचा किल्ला पाहायला गेले होते आणि दमण्या त्यांच्याबरोबर. गुरुवारी सकाळी मोटार पुन्हा गेली. आई ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरला वाटले सवारी आहे, त्याने वेग कमी केला आणि मान बाहेर काढून विचारले, "चलनो है कंई?" उपाध्यांनी आतूनच ओरडून सांगितले, "नाही नाही, आगे जाओ!" मोटार पुढे गेली. उपाध्ये हसत बाहेर आले. आपण आईला एका अवघड प्रसंगातून सोडवले असे त्यांना वाटत होते.

गुरुवारी संध्याकाळी दुसरी तार आली. तिच्यात एवढेच होते, की प्रकृती जास्त बिघडली आहे, कुठवर आलात.

शुक्रवारी वडील उजाडताच गाडीखान्यात जाऊन बसले. मी नेहमीप्रमाणे भाकरी घेऊन ओसरीवर गेले. आईने भाकरी गाठोड्यात बांधली, गाठोडे काखेत घेतले आणि मला म्हणाली, "चपला घाल."

"कुठं जायचं?"

"घाल."

आम्ही चौकात गेलो. रस्त्याने जाताना आईने पदर इतका पुढे ओढला होता की तिला फक्त स्वतःचे पाय दिसत असतील. मी तिचा हात धरून चालवत होते. लिंबाखाली लॉरी उभी होती. ड्रायव्हर चाकाला लाथ मारून बघत होता. आम्हांला पाहून तो सरळ झाला.

"माजी, एकली जाओगा? साथे कोई मरद नी है?"

आईने मला पुढे केले. मी म्हटले, "मी आहे."

तो हसला नाही. त्याने मागच्या फळीची खिट्टी काढली, एक उलटा डबा पायरीसारखा ठेवला आणि बाजूला तोंड करून उभा राहिला. चौकात पानवाल्याच्या दुकानाशी आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी आम्हांला पाहिले आणि पटकन दुसरीकडे बघितले. आपण पाहिले नाही असे दाखवणे, हेच त्यांच्याकडून आईवर उपकार करणे होते.

आत एक म्हातारी माळवी बाई होती, मांडीवर कोंबडीची टोपली. एक जाड शेटजी होते, राजगढचे. एक बोहरी दुकानदार होता. त्याने आम्हांला पाहताच कोपऱ्यातली जागा सोडली आणि शेटजींना म्हणाला, "सेठ, थोडे सरको, जनाना है."

"कितना सरकूँ? अब तो मैं रस्ते पे ही जाऊँगा," शेटजी कुरकुरत सरकले.

"जाओ ना, गाडी हलकी होगी," बोहरी म्हणाला. लोक हसले. मला वाटले होते की लोक आईला बघतील, कुजबुजतील. कुणी तसे काही केले नाही. पहिल्या वळणानंतर आम्ही तिथे आहोत हेच ते विसरले. कापसाचा भाव, सतवासच्या बाजारातले बैल, कुणाची तरी तुटलेली सोयरीक, अशा गोष्टी चालल्या होत्या.

घाटाबिल्लोदच्या पुढे आईला मळमळू लागले. तीन दिवस ती नीट जेवली नव्हती. म्हातारीने टोपली खाली ठेवली आणि आपला लोटा पुढे केला. "पाणी पी ले, बई. कां जई री है?"

आमच्या घरात परक्या हातचे पाणी चालत नव्हते. आईने लोटा घेतला आणि पदराच्या आत नेऊन सगळे पाणी प्यायली. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, "लडकी के पास. बीमार है."

"जचकी की?"

आईने मान डोलावली. म्हातारी इंदूर येईपर्यंत आईच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

इंदूरला देवासची लॉरी उभीच होती, पण भरली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, आणखी सवाऱ्या आल्याशिवाय हलणार नाही. आम्ही थांबलो. ऊन चढले. एक माणूस यायचा, बसायचा, उशीर होतोय म्हणून उतरून चहाला जायचा. शेवटी आई उठली, पदराआडूनच ड्रायव्हरजवळ गेली आणि म्हणाली, "बाकी सब जगह हमारी. चलो." परक्या पुरुषाशी बोलताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. वडिलांनी वाटखर्चाला दिलेले सगळे तिने त्याच्या हातावर ठेवले. लॉरी निघाली.

आता जे सांगते ते नीट वाचा.

देवासच्या रस्त्यावर आईने पदर आणखी खाली ओढला. धारच्या वाटेवर आम्हांला ओळखणारे थोडे होते, पण इथे व्याह्यांच्या गावची माणसे भेटणार. इथे कुणी ओळखले तर आपण दारात पोचायच्या आधी गोष्ट पोचेल, एवढीच तिला काळजी. ती रस्त्याकडे पाठ करून बसली आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवले. मी बाहेर बघत होते.

क्षिप्रेच्या अलीकडे, उतारावर, समोरून एक दमणी येत होती. पडदे खाली सोडलेले. मोटारीचा भोंगा ऐकून तिचे बैल बुजले आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली. पागोटे घातलेला एक म्हातारा माणूस खाली उतरून बैलांची वेसण धरून उभा होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. आमच्या ड्रायव्हरने त्याला दोन शिव्या दिल्या आणि लॉरी बाजूने काढली. पडद्याच्या इतक्या जवळून आम्ही गेलो की हात लांब केला असता तर तो लागला असता. आईने भोंगा ऐकून विचारले, "काय झालं?"

"बैल बुजले," मी म्हटले.

ताईच्या सासऱ्यांना मी लग्नात पाहिले होते आणि पुढे एकदा. पाठमोरे पागोटे सगळ्यांचे सारखेच दिसते.

देवासला टेकडीखालच्या रस्त्यावर आम्ही उतरलो. विचारत विचारत घर गाठले. दारात ताईच्या सासूबाई उभ्या होत्या, कडेवर कापडात गुंडाळलेले मूल. आमच्याकडे पाहून त्या आधी आमच्या मागे बघू लागल्या. गाडी कुठे आहे, पुरुषमाणूस कुठे आहे.

"विहीणबाई, तुम्ही कशानं आलात?"

"मोटारीनं," आई म्हणाली.

"मोटारीनं? एकट्या?" त्यांचा हात तोंडाकडे गेला. तेवढ्यातही त्यांना आधी तेच दिसले. आणि मग त्यांना दुसरे दिसले, आणि त्या भिंतीला टेकल्या.

"अहो, आज सकाळीच नेली तिला. इंदूरला, बायकांच्या दवाखान्यात. दमणीनं. वाटेत दिसली नाही?"

आई उंबऱ्यावर बसली.

सासूबाई बोलत राहिल्या. त्यांना थांबता येत नव्हते. "वैद्यांनी मंगळवारीच सांगितलं, इंदूरला हलवा. हे तयार होते. पण तुमची तार आली, प्रस्थान ठेवलंय म्हणून. माहेरचं माणूस निघालेलं, आणि आपण पोरीला घरातनं हलवायची? उद्या बरंवाईट झालं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, आम्हांला न विचारता परक्यांच्या हातात दिली. म्हणून थांबलो. आज येतील, उद्या येतील. काल तिला शुद्ध राहीना, तेव्हा यांनी ठरवलं."

"मोटार होती ना," आई म्हणाली. एवढेच.

"आपल्या घरची बाळंतीण मोटारीत कशी घालायची, विहीणबाई?"

गेले चार दिवस हेच वाक्य आमच्या घरात चालू होते.

त्या दिवशी इंदूरला परत जाणारी लॉरी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लॉरीने आम्ही निघालो. मूल आईच्या मांडीवर होते आणि पदर खांद्यावर. तिने चेहरा झाकला नाही, रस्त्यावर येणारी प्रत्येक गाडी ती बघत होती.

दवाखान्याच्या फाटकाशी ताईचे सासरे एका दगडावर बसले होते, पागोटे मांडीवर काढून ठेवलेले. त्यांना तसे बोडक्या डोक्याने पाहिले तेव्हाच आईला कळले. ताई पहाटे गेली होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितले होते, की दोन-तीन दिवस आधी आणली असती तर काही करता आले असते.

सासरे भले माणूस होते. त्यांनी काही लपवले नाही. आईकडे न बघता ते सांगत होते, "वाटेत शुद्धीवर आली होती. क्षिप्रेपाशी बैल बुजले, धक्का बसला, तेव्हा डोळे उघडले. भोंगा ऐकला तिनं. म्हणाली, मोटार गेली का? आई त्यातनं आली असती तर लवकर आली असती. मी म्हटलं, वेडी का काय, तुझी आई मोटारीत बसेल?"

मग म्हणाले, "हसली ती. म्हणाली, खरंच."

मूल जागे झाले आणि रडू लागले. आईने त्याला छातीशी धरले आणि दवाखान्याच्या आत गेली. मी बाहेर उभी राहिले. मला आत नेले नाही.

धारला आम्ही परतलो तेव्हा दमणी दारात उभी होती. पाहुणे परत गेले होते. वडिलांनी ती परत पाठवली. आजी ओटीवर बसलेली होती. तिने मूल हातात घेतले, त्याचे तोंड न्याहाळले, आणि आईला विचारले, "फार धक्के बसतात का गं मोटारीत?"

"नाही," आई म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरात प्रस्थान ठेवले गेले नाही. कुणी बंद केले नाही, नुसते कुणी ते नाव काढले नाही. उपाध्यांनी एकदा सुचवले होते, वडिलांच्या बदलीच्या वेळी. आई उठून आत गेली, आणि ते पुन्हा बोलले नाहीत.

मुलीला काही वर्षे आम्ही वाढवले, पण ती देवासच्या घरची, म्हणून तिच्या आजोबांना दाखवायला आई तिला घेऊन वरचेवर जायची. मोटारीने. चौकात उभी राहून, उघड्या तोंडाने. पहिल्या वर्षी लोक बोलले. कामदारांची बायको दुःखाने बिघडली, असेही म्हणाले. दुसऱ्या वर्षी उपाध्यांच्या सूनबाई तिच्याबरोबर इंदूरला जायला निघाल्या, माहेरी. मग शेजारच्या बाई. पुढे लॉरीवाल्याने मागचा एक बाक बायकांसाठी ठेवला. भाडे तेच होते, रस्ता तोच, बाक तसेच टोचणारे, आणि वेळही पूर्वीइतकाच लागत होता. यातले काहीही बदलले नव्हते.

मी पुढे इंग्रजी शाळेत गेले, मॅट्रिक झाले, नोकरीला इंदूरला रोज बसने जाण्याइतकी धीट झाले. बसमध्ये तोंड झाकून, खिडकीकडे पाठ करून बसलेली एखादी बाई अजूनही दिसते, तेव्हा मला तिला हलवून सांगावेसे वाटते की बाहेर बघ. सांगत नाही. तिची कारणे मला काय ठाऊक!

थोरल्या, तू तुझ्या कामात ही गोष्ट कुठे बसवशील ते मला कळत नाही. भाडे आणि वेळ तुला मोजता येईल. पण ज्या लॉरीत निम्मे बाक रिकामे जात होते, तिच्यात न बसलेली माणसे रस्त्याच्या कडेला ओसरीवर बसलेली होती आणि त्यांना जायचे होते. तुझ्या माणसांना विचारशील तेव्हा बसमध्ये बसलेल्यांनाच विचारू नकोस. घरी बसलेल्यांकडेही जा. आणि त्यांनी पहिले जे कारण सांगितले ते लगेच लिहून घेऊ नकोस. आमच्या घरी कुणी विचारले असते तर आजीने दिशाशूल सांगितला असता, वडिलांनी गाडीखाना सांगितला असता, आणि उपाध्यांनी मुहूर्त. देवासच्या दारात आपण कशातून उतरताना दिसू, हे कुणीच सांगितले नसते.

ती संस्थाने गेली. गाडीखान्याच्या जागी आता सरकारी कचेरी आहे. आजी, वडील, आई, ताईचे सासूसासरे, कुणी राहिले नाही. ताईचा एकही फोटो नाही. तेव्हा कुणी काढला नाही. तिची मुलगी आहे. देवासला असते, शाळेत शिकवत होती, आता निवृत्त झाली. तिचे केस माझ्याइतकेच पांढरे आहेत आणि तब्येत ठीक आहे.